माती दिल्यानंतरचं वर्ष: दुःखात ख्रिस्ती विश्वास कसा धरून ठेवावा

नाशिकमध्ये मरणानंतरचे दिवस सगळ्या शहराला पाठ आहेत. रामकुंडावर रोज कुणी ना कुणी अस्थी घेऊन येतं. दहाव्याला कावळ्याची वाट पाहिली जाते, तेरावा होतो, वर्षश्राद्धाची तिथी ठरलेली असते. आपल्या ख्रिस्ती घरांत बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माती दिली जाते. पाळकसाहेब किंवा फादर प्रार्थना करतात, चार दिवस माणसांची ये-जा असते, आणि मग घर रिकामं होतं. पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही.

दफनविधीच्या दिवशी विश्वास सहसा डळमळत नाही, कारण आजूबाजूला गाणारे असतात. तो डळमळतो पाचव्या-सहाव्या आठवड्यात. भेटायला येणारे थांबलेले असतात, ऑफिस सुरू झालेलं असतं आणि बायबल उघडलं की अक्षरं नुसती डोळ्यांपुढून जातात. हा लेख त्या आठवड्यासाठी आणि त्यानंतरच्या वर्षासाठी आहे. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, शोकाच्या घरी जात-येत मला जे दिसलं त्यावरून माझं मत असं झालं आहे, की विश्वास टिकतो तो दोन गोष्टींनी. आपली तक्रार थेट देवापुढे मांडायची, आणि आपल्याला प्रार्थना जमत नाही तेव्हा इतरांना आपल्यासाठी ती करू द्यायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींच्या आहेत.

पहिले काही दिवस: जेवण, झोप आणि कागद

एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, ती गोष्ट १ राजे १९ मध्ये आहे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. म्हणून पहिल्या आठवड्यात स्वतःकडून मोठ्या प्रार्थनेची अपेक्षा करू नका. दोन वेळा थोडं खा. झोप येत नसली तरी आडवं व्हा. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या चुकवू नका. शोकाच्या घरात सगळ्यात आधी विसरल्या जातात त्या गोळ्याच.

घरातल्या किंवा मंडळीतल्या एका माणसाकडे फोन सोपवा. आलेल्या प्रत्येकाला शेवटच्या तासांची हकीकत तुम्हीच सांगायला हवी असं नाही. तीच हकीकत दिवसातून दहादा सांगून माणूस आतून सोलून निघतो.

कागदांचं काम दुसऱ्या एकाकडे द्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. मरण दवाखान्यात झालं असेल तर नोंदीची माहिती दवाखाना पाठवतो, घरी झालं असेल तर ती घरच्यांनी द्यायची असते. महापालिकेचा दाखला आणि चर्चच्या दफन नोंदवहीतली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींत नाव एकाच स्पेलिंगने आलं आहे ना, हे तेव्हाच बघून घ्या. बाप्तिस्म्याचं नाव एक आणि आधारवरचं दुसरं, असं आपल्याकडे नेहमी असतं आणि बँकेत नेमकं तेच अडतं. दाखल्याच्या चार-पाच प्रती घेऊन ठेवा.

घर, जमीन, दागिने यांबद्दल पहिल्या महिन्यात कुणी काही सही करायला सांगितलं, तर ‘नंतर बघू’ एवढंच म्हणा. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीची वाटणी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे होते. मुलं असतील तर पत्नीला किंवा पतीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश जातं. हे माहीत असलं की कुणी घाई केली तरी गोंधळायला होत नाही.

स्वतःचे शब्द नसतील तर छापील शब्द घ्या

आपल्याकडे, विशेषतः प्रॉटेस्टंट घरांत, पुस्तकातून वाचलेली प्रार्थना मनापासून नसते असा एक समज आहे. शोकात तो सोडून द्या.

नाशकातलं शरणपूर आपल्या ओळखीचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत होती. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात स्कॉटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा तो त्यांच्या तांड्यात होता. सोबत ना मिशनरी, ना चर्च. लिव्हिंगस्टन यांचं हृदय तिथल्या एका झाडाखाली पुरलं तेव्हा दफनाची प्रार्थना जेकबने वाचली. मग ते शरीर त्या सोबत्यांनी महिनोन् महिने चालत समुद्रापर्यंत नेलं. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. त्या रानात त्याला नवे शब्द शोधत बसावं लागलं नाही. नाशकात शिकलेले शब्द त्याच्याजवळ होते.

तसेच तुमच्याजवळही आहेत. प्रभूची प्रार्थना आहे, स्तोत्र २३ आहे, कॅथलिक घरांत जपमाळ आहे. लहानपणी पाठ केलेलं एखादं गीत असेल. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग आपल्या उपासनांत शंभरहून अधिक वर्षं गायले जात आहेत. चाल आठवली की शब्द आपोआप येतात. रोज एकच वेळ ठरवा, सकाळचा चहा झाल्यावर म्हणा किंवा दिवे लागल्यावर, आणि एकच छोटी गोष्ट मोठ्याने म्हणा. मन लागलं का, हे तपासू नका. आवाज फुटत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला म्हणू द्या आणि शेवटी ‘आमेन’ म्हणा. पहिला महिना एवढं पुष्कळ आहे.

तक्रार कशी करायची

हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, म्हणून जरा थांबून सांगतो.

दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. आपल्या भिंतींवरच्या कॅलेंडरांत मात्र ती कुठेच दिसत नाहीत. स्तोत्र १३ उघडा. सहाच ओव्या आहेत. सुरुवात स्तुतीने होत नाही. ‘कोठवर?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि तो थेट परमेश्वराला विचारलेला आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. विलापगीत वाचा. तिसऱ्या अध्यायातली ‘रोज सकाळी नवी होणारी दया’ आपण नेहमी सांगतो, पण त्याच्या आधी आणि नंतर उद्ध्वस्त नगराचं रडणं पानंच्या पानं चालतं. आणि वधस्तंभावरून येशूने उच्चारलेलं ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे स्तोत्र २२ चं पहिलं वाक्य आहे.

आता करायचं काय, ते सांगतो. एक साधी वही घ्या. स्तोत्र १३ सावकाश वाचा. त्यात चार वळणं दिसतील: देवाला हाक, तक्रार, मागणं आणि शेवटी थोडासा भरवसा. त्याच क्रमाने स्वतःचं लिहा. शुद्धलेखन, शास्त्रीय भाषा, काही नको. असं काहीतरी होईल:

‘देवा, आज दूधवाल्याला अर्धा लिटर कमी करायला सांगितलं. त्याने का म्हणून विचारलं. तू त्या रात्री कुठे होतास? आम्ही आयसीयूच्या बाहेर गुडघ्यांवर होतो, तुला ऐकू आलं नाही का? मला रागही येतो आणि रागाची भीतीही वाटते. आज रात्री मला झोप दे. पोरीच्या फीचं बघ. तुझ्यावर भरवसा आहे असं आज म्हणवत नाही. पण तुझ्याशी नाही बोलायचं तर कुणाकडे जायचं?’

शेवटचं वाक्य प्रश्नातच राहिलं तरी चालेल. चौथं वळण जमलंच नाही तर लिहू नका, जागा कोरी सोडा. देवापुढे खोटी स्तुती लिहिण्यापेक्षा कोरी जागा बरी. आठवड्यातून एकदा तरी हे करा. महिन्याभराने मागची पानं वाचली की एखादी ओळ बदललेली दिसेल.

एक धोका ओळखून ठेवा. तक्रार देवाशी केली तर नातं चालू राहतं. देवाबद्दल फक्त इतरांशी किंवा मनातल्या मनात केली तर हळूहळू कटुता साचते. राग आला की आधी त्याच्याशीच बोला, मग बाकीच्यांशी.

‘एवढी प्रार्थना केली, मग का?’

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत लोटणारी गर्दी तुम्ही पाहिली असेल. मुलासाठी, ऑपरेशनसाठी, नोकरीसाठी मेणबत्त्या लागतात, साक्षी सांगितल्या जातात. त्या गर्दीत दर वर्षी असेही काही असतात, ज्यांनी मागच्या वर्षी हीच मेणबत्ती लावली होती आणि माणूस गेला. इतरांच्या साक्षी ऐकताना त्यांच्या मनात एकच विचार फिरतो: माझाच विश्वास कमी पडला का?

तुम्ही त्यांतले असाल तर गेथशेमाने बागेतला, येशूच्या अटकेच्या रात्रीचा प्रसंग वाचा. ‘हा प्याला माझ्यापासून टळून जावो’ अशी प्रार्थना स्वतः येशूने केली आणि प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? योहान ९ मध्ये जन्मांधाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू सांगतो, कुणीच नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते, हे लूक १३ मध्ये त्याच्याच तोंडचं वाक्य आहे. ईयोबाच्या मित्रांनी दुःखाचं कारण त्याच्या पापात शोधलं, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला.

‘का’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही. जो ते छातीठोकपणे देतो त्याच्यापासून थोडे लांब राहा, मग तो कितीही मोठा प्रचारक असो.

लोकांच्या बोलण्याचं काय करायचं

‘देवाची इच्छा.’ ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात.’ ‘रडू नका, तो प्रभूजवळ आहे.’ बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो, शब्द मात्र लागतात. भांडू नका, एक वाक्य तयार ठेवा: ‘माझ्यासाठी प्रार्थना करा, आत्ता मला एवढंच हवंय.’ सोबत प्रेषित पौलाचं बोलणं नीट लक्षात असू द्या. १ थेस्सलनीकाकर ४:१३ मध्ये तो शोकच करू नका असं म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असं म्हणतो.

योहान ११ मध्ये लाजाराच्या बहिणी मार्था आणि मरीया येशूला अक्षरशः एकच वाक्य बोलतात: आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेबरोबर रडतो. घरातल्या प्रत्येकाचं दुःख एकाच औषधाने बरं होत नाही, हे यातून घ्या. नवरा बोलत नाही म्हणून त्याला दुःख नाही, असं होत नाही. सासूबाई दिवसभर गीतं लावून बसतात आणि सुनेला ती ऐकवत नाहीत, तर दोघींनीही आपापल्या वेळा ठरवून घ्याव्यात.

रविवारी परत जाणं

कित्येकांना सर्वांत कठीण जातं ते चर्चचं दार. वीस वर्षं शेजारी बसलेलं माणूस नाही आणि बाक तोच आहे. पहिलं गीत सुरू होतं आणि घसा बंद होतो. यावर साधे उपाय आहेत. जागा बदला, मागे किंवा खांबाच्या बाजूला बसा. पहिलं गीत झाल्यावर आत जा. आशीर्वाद होताच निघा, दाराशी हस्तांदोलन टाळा. एका माणसाला आधी सांगून ठेवा की मी येणार आहे, तू शेजारी बस, बोलू नकोस. गाता येत नसेल तर उभे राहा आणि इतरांचं ऐका. प्रभुभोजनाला किंवा पवित्र कम्युनियनला जाणं शक्यतो सोडू नका. तिथे आपल्याला काही बोलावं लागत नाही, फक्त हात पुढे करायचा असतो.

मार्क २ मधला पक्षाघाती चौघांनी छपरातून खाली सोडला. येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला, असं तिथे लिहिलं आहे. खाटेवरच्या माणसाने काही कबूल केल्याची नोंद नाही. तुमचे चौघे कोण, हे ठरवा आणि त्यांना स्पष्ट सांगा: ‘मला सध्या प्रार्थना जमत नाही, तुम्ही माझ्या नावाने करा.’ असं सांगायला लाज वाटते, मला कळतं. पण लोक वाटच पाहत असतात, नेमकं काय करावं हे त्यांना कळत नसतं.

घरात दोन धर्म असतील तर

नाशकात अशी घरं पुष्कळ आहेत. मुलगा ख्रिस्ती, आईवडील नाहीत. किंवा सून मंडळीतली आणि माहेर पंचवटीतलं. दहाव्याचा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी निघतो.

मृत व्यक्ती ख्रिस्ती असेल तर दहाव्या दिवसाच्या आसपास घरी स्मरणप्रार्थना ठेवा आणि सगळ्या नातेवाइकांना बोलवा. ज्या दिवशी त्यांना काहीतरी करायचं असतं, त्या दिवशी त्यांच्या हातांना काम मिळतं: फुलं, फोटो, आलेल्यांना जेवण, आठवणीचे दोन शब्द. काय होणार हे आधी सांगा, म्हणजे तिथे वाद होत नाही. गेलेले वडील हिंदू असतील तर भावंडांबरोबर गोदाकाठी जाऊन उभे राहा. कुठल्या विधीत स्वतः हात घालायचा आणि कुठे नुसतं सोबत राहायचं, हे सदसद्विवेकाचं काम आहे, पाळकांशी आधी बोलून घ्या. पण घरी बसून राहू नका. ती गैरहजेरी भावंडं आयुष्यभर विसरत नाहीत.

आणि रात्री छळणारा तो प्रश्न, ‘त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं नव्हतं, आता ते कुठे आहेत?’ अब्राहामाने विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? निकाल आपल्या हातात दिलेला नाही, तो देवाच्या हातांत आहे, आणि त्या हातांत आपल्यापेक्षा जास्त दया आहे. आत्महत्येने माणूस गेला असेल तरी हेच. कॅथलिक धर्मशिक्षणही अशा माणसांच्या तारणाबद्दल निराश होऊ नका, असं सांगतं आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं.

मुलांना

‘आजोबा झोपलेत’ म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. ‘देवाने नेलं’ म्हणू नका, मूल देवाला घाबरतं. ‘आजोबा वारले, त्यांचं शरीर आता काम करत नाही, आपण त्यांना पुरलं, आणि येशू त्यांना पुन्हा उठवील असा आपला विश्वास आहे’, एवढं सरळ सांगा. मूल कबरीपाशी यायचं म्हणत असेल तर न्या, हात धरून ठेवा. तेच प्रश्न पुन्हा विचारेल, तीच उत्तरं पुन्हा द्या.

वर्षाच्या तारखा आधीच ठरवा

दुःख तारखांना दबा धरून बसतं, म्हणून कॅलेंडर घेऊन बसा. महिन्याचा मिस्सा (कॅथलिक उपासना) किंवा स्मरणाची प्रार्थना कधी, ते लिहा. २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस: कबर साफ करायला आदल्या दिवशीच जा, कारण त्या दिवशी गर्दी असते आणि शांतपणे बसता येत नाही. लग्नाचा वाढदिवस आणि त्यांचा वाढदिवस हे दोन दिवस एकटे काढू नका. वर्षाच्या दिवशी मोठं जेवण घालायचंच असं नाही, त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

नाताळ सर्वांत जड जातो. कॅरल म्हणणारा गट घरी येऊ द्यायचा की नाही, हे डिसेंबरच्या सुरुवातीलाच तरुण संघाला कळवा. ‘या, पण एकच गीत, शांत’ असंही सांगता येतं. तारा लावावा की नाही यावर नातेवाईक मतं देतील. घरातल्या मुलांना विचारा आणि ती म्हणतील तसं करा. करंज्या स्वतः करू नका, शेजारून येतील त्या घ्या.

ईस्टरच्या पहाटे अनेक मंडळ्या कबरस्थानात उपासना करतात. पहिल्या वर्षी जमलं तर जाच. पुनरुत्थानाचा शास्त्रभाग आपल्या माणसाच्या कबरीजवळ उभं राहून ऐकणं आणि बाकावर बसून ऐकणं, यांत फार अंतर आहे. जमलं नाही तर पुढच्या वर्षी जा. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, थोमाला ते त्याने दाखवले. आशा आली म्हणून जखमेची खूण पुसली जाईल, असं कुणी तुम्हाला सांगू नये.

डॉक्टर कधी

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं आपण ऐकतो. त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल मांडल्या गेल्या होत्या. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे शोधत बसू नका. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ तीव्र ओढ किंवा वेदना दिवसच्या दिवस तशीच राहत असेल आणि स्वयंपाक, नोकरी, मुलं यांतलं काहीच निभावत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगू नये असे विचार येत असतील तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं, असं म्हणणाऱ्याला एलीयाची भाकर आठवून द्या.

पुढे

वर्ष उलटल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं एखादं काम हाती घ्या. लक्ष्मीबाई टिळक आपल्या जवळच्याच, गोदाकाठच्या जलालपूरच्या. १९१९ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य अपुरं होतं. ज्या बाईला शाळा मिळाली नव्हती तिने ते पुढे लिहून पूर्ण केलं. आपलं काम एवढं मोठं असायची गरज नाही. त्यांचा रविवार शाळेतला वर्ग असेल, एखाद्या पुतण्याची फी असेल, अंगणातली झाडं असतील.

मग कधीतरी मंडळीत दुसऱ्या घरात मरण येईल आणि लोक तुमच्याकडे बघतील. पहिल्या आठवड्यात तिथे माणसं पुष्कळ असतात, तुम्ही सहाव्या आठवड्यात जा. आधी फोन करा, संध्याकाळची वेळ घ्या, भाजी-भाकरीचा डबा न्या, तोही असा की परत द्यावा लागू नये. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. कुणी घेत नसतं आणि घरच्यांना तेच ऐकायचं असतं. प्रार्थना करू का, असं विचारा. नको म्हणाले तर करू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.